वाचकांचे प्रश्न : परागाविना फूल

गेल्या अंकात संकरित भाजीचे बियाणे महाग का असते याविषयी लिहिताना ‘नरवंध्य मादी वाण’ हा शब्दप्रयोग एका ओळीत येऊन गेला. तो न उलगडता मी पुढे गेलो, ही चूक माझी. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे या एका शब्दाभोवतीच फिरत आहेत, म्हणून या वेळचे सगळे सदर त्यालाच दिले आहे. पत्रांतील मजकूर थोडा आटोपशीर केला आहे आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरत आहे. कोबी आणि फ्लॉवर यांचे बी हल्ली ‘नरवंध्य’ रोपांपासून तयार करतात, त्यामुळे या भाज्या खाणाऱ्या पुरुषांना वंध्यत्व येते, असे त्यात म्हटले आहे. माझ्या यजमानांनी तेव्हापासून फ्लॉवर पानात घेणेच सोडले आहे. यात काही तथ्य आहे का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : यजमानांना फ्लॉवर खुशाल वाढा. निरोपाचा पहिला अर्धा भाग बऱ्याच वाणांच्या बाबतीत खरा आहे, दुसरा अर्धा भाग निव्वळ शब्दाच्या कोटीवर उभा आहे. नरवंध्यत्व हा फुलाचा गुण आहे. अशा फुलात परागकण तयारच होत नाहीत, किंवा झाले तरी ते निकामी असतात. फुलाचा मादी भाग मात्र धडधाकट असतो आणि शेजारच्या रोपाचा पराग मिळाला की त्यात व्यवस्थित बी धरते. फ्लॉवरचा जो गड्डा आपण खातो, तो तर फुले उमलण्याच्या कितीतरी आधी कापलेला असतो. वनस्पतीची जनुके आपण प्रत्येक घासाबरोबर गिळतो आणि ती बाकीच्या अन्नासारखीच पचून जातात. शिवाय आपल्या रोजच्या खाण्यातली केळी पाहा. तिच्या फुलात उपयोगी पराग जवळजवळ नसतो, फळात बी धरत नाही आणि सगळे पीक मुनव्यांवर चालते. पिढ्यान्‌पिढ्या वसईची केळी खाऊन कोणाच्या घरचा पाळणा हलायचा थांबला, असे ऐकिवात नाही.

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी आहे, शेतीशी माझा संबंध भाजी आणण्यापुरताच. एक साधी शंका आहे. मादी वाण जर वंध्य असेल, तर त्याची पुढची पिढी येते कोठून? दरवर्षी कंपन्या हे वंध्य रोप नव्याने शोधतात का? आणि इतका खटाटोप करण्याची गरज काय? (गोरेगाव)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गरज कळली की युक्ती आपोआप कळते. शेतात बियाण्यासाठी राखलेला कांदा आपण पाहिला असेल तर डोंगळ्याच्या टोकावरचा पांढरा गेंद आपल्याला आठवेल. त्या एका गेंदात शेकडो बारीक फुले असतात. एकेका फुलात सहा पुंकेसर असतात, त्यांतले आतले तीन आधी फुटतात, बाहेरचे तीन मागाहून, आणि स्त्रीकेसर पराग घेण्याजोगा होतो तो त्याहूनही नंतर. सगळी फुले एका दिवशी उमलत नाहीत, गेंद कित्येक दिवस उमलत राहतो. आता दोन वाणांचा संकर करायचा, तर मादी म्हणून निवडलेल्या वाणाच्या प्रत्येक फुलातील सहाही पुंकेसर ते फुटण्याआधी चिमट्याने काढावे लागतील, आणि एवढे करून एका फुलातून मिळणाऱ्या बिया जास्तीत जास्त सहा. टोमॅटोच्या एका फुलावर तेवढीच मेहनत केली तर एका फळातून शंभराच्या आसपास बिया मिळतात. म्हणून टोमॅटोत माणसाचा हात परवडतो आणि कांद्यात परवडत नाही. ज्या पिकात हात परवडत नाही, तेथे फुलाने स्वतःच पराग न धरणे हा एक व्यवहार्य मार्ग ठरतो.

असे फूल निसर्गात अधूनमधून आढळते, पण ते ओळखणारा डोळा लागतो. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे एच. ए. जोन्स यांना ‘इटालियन रेड’ या कांद्याच्या वाणात एक रोप असे सापडले की त्याच्या गेंदात स्वतःच्या परागाने बी धरेना. बी नाही म्हणजे ते रोप त्या हंगामाबरोबर संपायचे. पण त्याच्या गेंदातच बारीक कंदिका धरल्या होत्या. त्या लावून जोन्स यांनी ते रोप जिवंत ठेवले आणि त्याचे इतर वाणांशी संकर सुरू केले. हे वंध्यत्व पुढच्या पिढीत कसे उतरते याचा उलगडा जोन्स आणि क्लार्क यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. मधली अठरा वर्षे अशा कामाला लागतातच, एरवी आपण त्यांच्याकडे फारसे पाहत नाही एवढेच.

आता आपली मुख्य शंका. पेशीच्या केंद्रकातील गुणसूत्रे निम्मी आईकडून व निम्मी बापाकडून येतात, परंतु केंद्रकाभोवतीचे पेशीद्रव्य जवळजवळ सर्वस्वी आईकडूनच येते. पेशीद्रव्यात तंतुकणिका असतात. पेशीला ऊर्जा पुरवणे हे त्यांचे काम, आणि त्यांच्यापाशी स्वतःची थोडी जनुकेही असतात. काही रोपांत या तंतुकणिकांमधील जनुकांची मांडणी अशी विस्कटलेली असते की बाकी रोप ठणठणीत वाढते, पण पराग पोसण्याच्या नेमक्या वेळी काम बिघडते आणि परागकोश रिकामा राहतो. हा दोष झाकणारे एक जनुक केंद्रकात असू शकते, त्याला पुनःस्थापक जनुक म्हणतात. म्हणजे रोप नरवंध्य असायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात : सदोष पेशीद्रव्य हवे, आणि केंद्रकात ते झाकणारे जनुक नको.

येथे पैदासकाराची युक्ती येते. तो आणखी एक रोप शोधतो, ज्याचे पेशीद्रव्य निर्दोष आहे पण केंद्रकात झाकणारे जनुक नाही. पेशीद्रव्य चांगले असल्यामुळे या रोपाला पराग भरपूर येतो. हा पराग वंध्य रोपावर पडला की होणाऱ्या बियांना पेशीद्रव्य आईचे, म्हणजे सदोष, आणि झाकणारे जनुक ना आईकडून ना बापाकडून. साहजिकच सगळी संतती पुन्हा नरवंध्य निघते. पेशीद्रव्याचे घराणे आईच्या बाजूने चालते, हे एकदा ध्यानात घेतले की कोडे सुटते. बियाण्याच्या धंद्यात वंध्य वाणाला ‘ए लाइन’ आणि त्याचा वंश टिकवणाऱ्या या जोडीदाराला ‘बी लाइन’ म्हणतात. दोन्ही वाण केंद्रकाच्या दृष्टीने जुळ्या भावंडांसारखे असतात आणि वेगळ्या, इतर कांद्यापासून दूर राखलेल्या शेतात शेजारी-शेजारी लावून त्यांची पैदास होते. दरवर्षी वंध्य रोप नव्याने शोधावे लागत नाही, पण ही जोडी निर्भेळ ठेवणे हे मात्र दरवर्षीचे काम आहे, आणि खर्चाचा मोठा वाटा त्यात जातो.

प्रत्यक्ष संकरित बियाण्याच्या शेतात वंध्य वाणाच्या काही ओळी आणि मध्ये नर वाणाची एखाद-दुसरी ओळ अशी लावण असते. पराग नेण्याचे काम मधमाश्या करतात. बी धरल्यावर नर ओळी उपटून टाकतात, म्हणजे काढणीत सरमिसळ होण्याची भीती राहत नाही. वंध्य ओळीत पराग खरोखर नाही ना, हे पाहण्याची रीत फार साधी आहे : उमललेल्या गेंदावर बोट फिरवायचे. बोटाला पिवळी भुकटी लागली तर ते रोप घुसखोर आहे आणि तत्काळ उपटायचे.

एक गोष्ट मला या सगळ्यात विशेष वाटते. कांद्याच्या संकरित बियाण्यातून उगवलेले पीकही, नराने झाकणारे जनुक दिले नसेल तर, नरवंध्यच निघते. आणि त्याने शेतकऱ्याचे काहीही बिघडत नाही, कारण त्याला कांदा हवा आहे, बी नको. कोबी, फ्लॉवर, गाजर, मुळा यांचेही तसेच. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा नयनज्योती’ आणि ‘पुसा वसुदा’ हे गाजराचे संकर याच पद्धतीचे आहेत. मिरचीचा प्रकार मात्र वेगळा. आपण मिरचीचे फळ खातो, फळ धरायला पराग लागतो, म्हणून मिरचीच्या नर वाणात झाकणारे जनुक असलेच पाहिजे. पीक कोणते यापेक्षा त्याचा कोणता अवयव ताटात येतो यावर पैदासकाराचे निम्मे काम ठरते. मिरचीतील हे वंध्य पेशीद्रव्य पीटरसन यांनी १९५८ मध्ये अमेरिकेत नोंदवले, आणि ते सापडले होते भारतातून तिकडे गेलेल्या मिरचीच्या एका नमुन्यात. येथूनच गेलेली वस्तू पुढे संकरित बियाण्याच्या रूपाने येथे परतली, हे वाचताना गंमत वाटते आणि थोडी चुटपुटही लागते.

जाता जाता एक खुलासा : वाशीच्या बाजारातून आपल्याकडे येणारा महाराष्ट्रातला कांदा अजूनही मुख्यतः सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणांचा आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का कीर्तिमान’ आणि ‘अर्का लालिमा’ हे नरवंध्यत्वावर आधारलेले कांद्याचे संकर दिले आहेत; पण नाशिक-पुण्याकडचा शेतकरी स्वतःच्या डोंगळ्यांचे उळे (कांद्याचे बी) धरतो, ते त्याला स्वस्त पडते, आणि त्या खर्चाला भारी पडेल एवढी वाढ उत्पन्नात दिसल्याशिवाय तो सवय मोडत नाही. तो चुकतो असे मला वाटत नाही.

प्रश्न : आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. दादरहून आणलेल्या संकरित मिरचीच्या रोपाला गेल्या वर्षी इतक्या मिरच्या लागल्या की त्यांतील एक पिकवून तिचे बी धरले. यंदा वीस रोपे जगली, पण त्यांतल्या सहा रोपांना नुसती फुले येतात आणि गळून पडतात. खत, पाणी, ऊन सगळ्यांना सारखेच आहे. बियाण्यात काही फसवणूक असते का? (बोरिवली)

उत्तर : फसवणूक नाही, आपल्या बाल्कनीत आपण नकळत एक चांगला प्रयोग केला आहे. आपले मूळ रोप बहुधा वर सांगितलेल्या पद्धतीचे, म्हणजे सदोष पेशीद्रव्य आणि झाकणारे एक जनुक असलेले होते. ते एक जनुक त्या रोपाला पुरेसे होते. पण त्याच रोपाचे बी धरले की जनुकांची नव्याने वाटणी होते, आणि चारांतल्या एका रोपाच्या वाट्याला ते जनुक मुळीच येत नाही. वीस रोपांत पाच, हा कागदावरचा हिशेब. आपल्याकडे सहा निघाली.

खात्री करून घ्यायची असेल तर सकाळी नुकतेच उमललेले एक फूल फळ धरणाऱ्या रोपाचे आणि एक गळणाऱ्या रोपाचे शेजारी ठेवून भिंगातून पाहा. पहिल्याचे जांभळट परागकोश फुगीर दिसतील आणि फुटल्यावर त्यांतून पिठूळ पराग सांडेल; दुसऱ्याचे परागकोश चिमलेले, कोरडे असतील. दोन्हींत काहीच फरक दिसला नाही, तर कारण वेगळे आहे आणि मी चुकलो, असे समजावे. फरक दिसला तर उपाय सोपा आहे : बारीक रंगकामाच्या कुंचल्याने पहिल्याचा पराग उचलून दुसऱ्याच्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावा. त्या रोपाचा मादी भाग निरोगी असल्यामुळे फळ धरेल. जमिनीवरच्या बागेत हे काम मधमाशी करते आणि मालकाला रोप वंध्य असल्याचा पत्ताही लागत नाही. अकराव्या मजल्यावर मधमाशी क्वचित येते, म्हणून आपल्या हे लक्षात आले. उरलेल्या चौदा रोपांच्या मिरच्याही आकारात आणि तिखटपणात एकमेकींशी जुळणार नाहीत, तेही याच वाटणीमुळे. बी धरून ठेवण्याची हौस असेल तर गावरान वाण लावावा.

प्रश्न : नरवंध्यत्व वापरून केलेले बियाणे म्हणजे जीएम बियाणेच ना? आणि सगळ्याच कंपन्यांनी एकच सदोष पेशीद्रव्य वापरले तर त्यात धोका नाही का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कालिना)

उत्तर : जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुकीय बदल केलेले. कांदा, गाजर आणि मिरची यांच्यापुरते उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे, तेथे आपोआप सापडलेली रोपे आणि नेहमीचे संकर एवढेच वापरलेले असते. कोबी-फ्लॉवरचे उत्तर थोडे अडचणीचे आहे. १९६८ मध्ये जपानमधील ओगुरा यांनी मुळ्यात नरवंध्य पेशीद्रव्याची नोंद केली. मुळा आणि कोबी एकाच कुळातले, त्यामुळे पुन्हापुन्हा संकर करून ते मोहरी-कोबीच्या गटात आणता आले. पण पेशीद्रव्याबरोबर मुळ्याची हरितकणेही (पानांना हिरवा रंग देणारे पेशीतील कण) आली आणि थंडी पडली की पाने पिवळी पडू लागली. १९८३ मध्ये फ्रान्समधील पेलेटिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन प्रकारच्या पेशींची भित्तिका काढून त्या एकमेकींत मिसळल्या. अशा पेशींतून निवड करत त्यांनी हरितकणे एकीची आणि वंध्यत्व आणणारा तंतुकणिकांचा भाग दुसरीचा, अशी रोपे मिळवली. बाहेरचे जनुक कापून आत बसवण्याचा प्रकार यात नाही, म्हणून या वाणांना जीएम म्हणत नाहीत. मात्र पेशींचे असे मीलन युरोपातील काही सेंद्रिय शेती संघटनांना मान्य नाही आणि त्यांच्या शेतकऱ्यांना हे वाण वर्ज्य आहेत. मला ती भूमिका फार सोवळी वाटते, पण ग्राहकाला बियाणे कसे बनले हे कळले पाहिजे, एवढे त्यांचे म्हणणे रास्त आहे.

जीएम म्हणता येईल असे नरवंध्यत्वही आहे. दिल्ली विद्यापीठात तयार झालेल्या ‘डीएमएच-११’ या मोहरीच्या संकरात मातीतील एका जिवाणूची दोन जनुके वापरली आहेत : एक पराग मारते, दुसरे त्याला आवर घालते. ऑक्टोबर २०२२ मध्ये जीएम पिकांना मंजुरी देणाऱ्या केंद्रीय समितीने या संकराच्या पर्यावरणीय प्रसारणाची, म्हणजे तो उघड्या शेतात लावू देण्याची, शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर परस्परविरोधी निकाल दिले. ते पीक तेलाचे आहे. आपल्या भाजीच्या पिशवीशी त्याचा संबंध नाही.

धोक्याविषयी आपली शंका अगदी योग्य जागी बोट ठेवणारी आहे. अमेरिकेत १९७० साली लागवडीखालच्या मक्याच्या सुमारे ८५ टक्के बियाण्यात टेक्सासमध्ये सापडलेले एकच नरवंध्य पेशीद्रव्य होते. करपा आणणाऱ्या बुरशीची एक जात अशी निघाली की तिचे विष नेमके त्याच पेशीद्रव्याच्या तंतुकणिकांवर घाव घालत असे, आणि त्या एका हंगामात देशाच्या पिकापैकी सुमारे १५ टक्के मका गेला. त्यानंतर बियाणे कंपन्यांना मादी ओळींतील मक्याचे तुरे, म्हणजे पराग देणारी नर फुले, पुन्हा हाताने खुडावे लागले. भाज्यांमध्ये एवढी मोठी आपत्ती आलेली नाही, परंतु कांद्यात आणि कोबी-फ्लॉवरमध्ये मोजक्याच पेशीद्रव्यांवर जगाचा भार आहे. कांद्यात जोन्स यांच्या पेशीद्रव्याशिवाय दुसरा प्रकार ज्ञात आहे, तो जपून ठेवणे आणि नवे शोधत राहणे याला पर्याय नाही.

प्रश्न : माझे मूळ गाव देऊळगाव राजाजवळ आहे. मी कांदिवलीत नोकरी करतो. गावी आई शेडनेटमध्ये टोमॅटो आणि ढोबळ्या मिरचीच्या क्रॉसिंगला, म्हणजे त्या त्या पिकाचे संकरित बी हाताने धरण्याच्या कामाला, जाते. सकाळ-संध्याकाळ वाकून कळ्या सोलायच्या. नरवंध्य वाण इतकी वर्षे उपलब्ध आहेत, तर हे काम अजून हातानेच का? आणि उद्या ते बंद झाले तर? (कांदिवली)

उत्तर : जालना-बुलढाणा पट्ट्यातील भाजीपाला बियाण्याचा उद्योग ज्या हातांवर उभा आहे, त्यांपैकी दोन हात आपल्या आईचे आहेत, तेव्हा उत्तर नीट द्यायला हवे. टोमॅटोच्या फुलात परागकोश एकमेकांना चिकटून स्त्रीकेसराभोवती सुळक्यासारखे उभे असतात आणि पराग आतल्या आत सांडतो. म्हणून फूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कळी उघडून तो पिवळा सुळका चिमट्याने काढावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचा पराग लावावा लागतो. टोमॅटोत नरवंध्य रोपे आहेत, पण ते वंध्यत्व केंद्रकातील जनुकामुळे आलेले आहे, पेशीद्रव्यामुळे नव्हे. त्याचा वंश टिकवताना दर पिढीत निम्मी रोपे पराग धरणारी निघतात, आणि फुले येईपर्यंत ती ओळखूही येत नाहीत. खरबुजात लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने हीच अडचण पत्करून १९८१ मध्ये ‘पंजाब हायब्रिड’ दिले. तेथे प्रत्येक आळ्यात जास्त रोपे लावून, कळी दिसताच पराग धरणारी उपटतात. पण खरबुजाचा पराग मधमाशी नेते. टोमॅटोच्या फुलात मध नसतो, आणि वंध्य फुलात तर परागही नाही. मधमाशीने तेथे यावे कशासाठी? म्हणजे कळी सोलणे वाचले तरी पराग हातानेच लावायचा. निम्म्या बचतीसाठी निम्मी रोपे उपटून टाकायला कोणताही प्लॉटधारक तयार होत नाही.

ढोबळ्या मिरचीचे कारण वेगळे. पेशीद्रव्यातील वंध्यत्व तिच्यात आणता येते, पण ते झाकणारे जनुक मोठ्या फळांच्या वाणांत सहसा नसते, आणि तिखट मिरचीतून आणायचे तर तिचे बाकीचे गुणही सोबत येतात. तिखट मिरचीत हा अडसर नसल्यामुळे तेथे हातकाम बरेच उतरले आहे. ढोबळीतही ते एक दिवस उतरेल. टोमॅटोत इतक्यात नाही. काम बंद पडणे ही सुटका आहे की नुकसान, हे मुंबईत बसून मी ठरवू नये. पाठ दुखते ती आईंची आणि हंगामाची मजुरीही त्यांचीच.

आईंना एक गोष्ट दाखवायला सांगा, ती पाहिल्यावर माझे वरचे दोन परिच्छेद आपल्याला नीट समजतील. क्रॉसिंग झालेल्या टोमॅटोच्या फुलाची खूण म्हणून देठाजवळच्या हिरव्या पाकळ्यांपैकी दोन कापून टाकतात. फळ पिकले तरी ती कापलेली जागा तशीच दिसते आणि तोडणीच्या वेळी तेवढीच फळे बियाण्याच्या टोपलीत जातात. ज्याच्या सगळ्या हिरव्या पाकळ्या शाबूत आहेत, ते फळ कितीही टपोरे असले तरी आपल्याच परागाचे मानून बाजूला काढतात. ते पुढे आईंच्या पिशवीतून घरी येते की बांधावर जाते, हे प्लॉटच्या मालकावर असते.